पिंजऱ्याची वास्तुशांत

पिंजऱ्याची वास्तुशांत झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी हेमाताई इंगवल्यांचा हॉल घराबाहेर गेला.

गेला म्हणजे कुठे लांब नाही गेला. भिंती जागच्या जागी होत्या, टीव्ही भिंतीवरच होता, सोफ्यावरचं क्रोशाचं कव्हर नेहमीसारखं अर्धं घसरलेलं होतं. फक्त हॉल आता घरात नव्हता. छताच्या जागी ऊन होतं. पंख्याच्या पात्यावर दोन साळुंक्या भांडत होत्या. टीपॉयखाली हरळी उगवली होती, आणि सोफ्यावर धूळ बसत होती तीसुद्धा रस्त्यावरची, ट्रकच्या मागून उडते तसली. हेमाताई चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या, वर बघितलं, परत आत गेल्या आणि डोक्याला रुमाल बांधून आल्या.

“अहो, हॉल बाहेर गेलाय,” त्या म्हणाल्या. “टोपी घाला.”

सर्जेराव पेपर वाचत होते. त्यांनी तोच डोक्यावर धरला. “पंखा लाव जरा.”

“कशाला? वारा आहे की.”

सर्जेरावांनी वारा आहे का बघितलं. होता. ते चहा प्यायले.

या सगळ्याला कारण फुटाणा. फुटाणा म्हणजे दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू. पोट जमिनीला घासायचं, आणि कानांनी उभं राहायचं की पडायचं ते अजून ठरवलेलं नव्हतं. मार्केट यार्डाच्या फाटकापाशी, गोणपाटावर, ते हेमाताईंकडे बघून शिंकलं. त्यांनी त्याला मेथीच्या पिशवीत घातलं आणि रिक्षा केली. कुणाला विचारलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात न विचारता घरात आणलेली ही पहिली वस्तू, आणि ती वस्तू आल्या आल्या सर्जेरावांच्या चपलेत मुतली.

पुढच्या सहा दिवसांत फुटाण्याने घराचा कोपरान् कोपरा ओला केला. सातव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी उपळेकर पाण्याची वेळ बदलली हे सांगायला आले आणि ओल्या मोज्यासकट परत गेले. संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. ठराव असा की घरात घाण करणारं जनावर सोसायटीत राहणार नाही. मुदत पंधरा दिवस. पंधराव्या दिवशी, म्हणजे रविवारी, अकरा वाजता कमिटी येऊन घर तपासेल. एक थेंब जरी सापडला तरी पिल्लू जिथून आणलं तिथे. बारापर्यंत तपासणी झाली नाही तर ठराव रद्द. खाली सगळ्यांच्या सह्या. सर्जेराव स्वतः कमिटीत होते. पाटबंधारे खात्यात जन्म गेल्यामुळे समोर कागद आला की त्यांचा हात आपोआप सही करायचा. त्याने याही कागदावर केली.

“तुमची पण सही?” हेमाताईंनी विचारलं.

“आधी वाचायला पाहिजे होतं,” सर्जेराव म्हणाले.

“फुटाणा कुठं जाणार नाही. मी शिकवते त्याला. पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले.”

“आणि नाही शिकला तर?”

“तर मी पण जाईन त्याच्याबरोबर. मार्केट यार्डात. गोणपाट मोठं आहे.”

हे त्या भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तशा म्हणाल्या, म्हणून सर्जेरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

कुत्र्या-मांजरांचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या माणसाने त्यांना लोखंडी पिंजरा दिला. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, पुढे कडीचं दार. “काकू, कुत्रं स्वतःच्या घरात घाण करत नाही,” तो म्हणाला. “हा पिंजरा म्हणजेच आपलं घर, असं त्याला वाटलं पाहिजे. मग ते आत धरून ठेवतं. दर दोन तासांनी बाहेर न्यायचं, केलं की लगेच शाब्बास म्हणायचं. रागवायचं नाही, नाक घासायचं नाही.”

फुटाण्याला ते घर वाटेना. आत बिस्कीट ठेवलं तर तो पुढचा एक पाय आत घालून बिस्कीट बाहेर ओढायचा आणि फ्रिजमागे जाऊन मुतायचा. मऊ साडी घातली, साडी बाहेर. हेमाताईंनी स्वतःचं डोकं आत घालून दाखवलं, तर त्याने त्यांच्या पायावर केलं.

चौथ्या दिवशी त्या पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. त्याचं बरोबरच होतं. वास्तुशांत न झालेल्या जागेला घर कोण म्हणेल? त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटचीसुद्धा झाली नव्हती. सर्जेराव बावीस वर्षं ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणत आले होते. हेमाताईंनी फोन उचलून गुरुजींना लावला.

गुरुजींनी जागा किती विचारलं. “तीन चौरस फूट,” हेमाताई म्हणाल्या. तोंड कुठे? पूर्वेला. राहणारे किती? एक. गुरुजी म्हणाले, मग लवकर आटपेल, पण विधी पूर्णच होणार, त्यात कमी-जास्त चालत नाही. त्यांनी होम केला, पिंजऱ्याला सूत गुंडाळलं, ट्रेखाली कोपऱ्यात वास्तुप्रतिमा ठेवली. पिंजऱ्यापुढे वातीच्या दिव्यावर पळीभर दूध ठेवून उतू घालवलं. दारावर बोटभर आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. शेजारपाजारचे बुंदीचा लाडू खायला आले आणि येताना रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून प्रत्येकाने भिंतीवरचं घड्याळ आणलं. सात घड्याळं झाली. उपळेकरांनीसुद्धा आणलं. रीत ती रीत.

मग फुटाणा उठला. त्याने उजवा पाय आधी आत टाकला, एक गिरकी घेतली आणि झोपला.

त्यानंतर पिंजऱ्यात एक थेंब पडला नाही. दर दोन तासांनी तो उठायचा, बाहेर यायचा, टीव्हीखाली जाऊन मुतायचा आणि परत घरी जायचा. हेमाताई शाब्बास म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी टीव्हीखाली गवत आलं, आणि मघाशी सांगितलं तसा हॉल बाहेर गेला.

मंगळवारी बेडरूम बाहेर गेली. बुधवारी सकाळी उठायच्या आधीच सोसायटीतली चालायला जाणारी मंडळी पलंगाला वळसा घालून जाऊ लागली. “गुड मॉर्निंग, इंगवले,” म्हणायची, आणि सर्जेराव चादर हनुवटीपर्यंत ओढून गुड मॉर्निंग म्हणायचे. गुरुवारी स्वयंपाकघर गेलं. भाजीवाली हातगाडी थेट गॅसच्या ओट्यापर्यंत आणायला लागली आणि वर म्हणाली, “मावशी, तुमचा गॅस रस्त्यात येतोय, जरा सरकवा की.” शुक्रवारी न्हाणीघर आणि संडास गेले. कमोडमध्ये कण्हेर उगवली, तिला फुलंही आली. ही मात्र अडचण झाली.

उपळेकरांनी सोफ्यावर नोटीस चिकटवली. सोसायटीच्या मोकळ्या जागेत सोफा, टीपॉय व एक गृहस्थ ठेवून अतिक्रमण केले आहे, तरी चोवीस तासांत हलवावे.

हेमाताईंनी तिच्याच पाठीवर उत्तर लिहिलं: हॉल आमच्या घरात येत नाही. सोफा तुमच्या जागेत आला असेल तर तो तुम्ही ठेवून घ्या. गृहस्थांचं मी बघते.

उपळेकर नोटीस हातात घेऊन वर आले. त्यांचा फ्लॅट बरोबर खाली होता.

“वहिनी, हा काय चावटपणा आहे?”

“कुठला, भाऊजी?”

“हे!” त्यांनी छताच्या जागी बोट दाखवलं. “आमच्या हॉलमध्येसुद्धा सकाळपासून ऊन आहे. तुमच्याकडनं खाली उतरलंय ते. ओल उतरते तसं बाहेर उतरायला लागलंय.”

“मग तुम्ही पण टोपी घाला.”

“मी कमिटीत घेईन हे!”

“घ्या. आणि रविवारची तपासणी विसरू नका. अकरा वाजता. घर दाखवते तुम्हाला.”

उपळेकर जाताना टीव्हीखालच्या ओल्या गवतावरून गेले. थांबले, खाली बघितलं, आणि हसले. पहिल्यांदाच हसले. “रविवारी बघू,” म्हणाले.

सर्जेरावांनी ते हसू बघितलं. “हेमा, हा पिल्लू घेऊन जाणार गं.”

“बघू कसा नेतो,” हेमाताई म्हणाल्या आणि पिंजऱ्यात गेल्या.

त्या अशा गेल्या की बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटू नये. खाली बसल्या, चपला काढल्या, उजवा हात आत घातला, मग डोकं, मग खांदे, आणि मग त्या नव्हत्याच. पिंजरा बाहेरून होता तेवढाच राहिला. आत एक मधली खोली होती, गार फरशीची. एक स्वयंपाकघर होतं, त्याचा ओटा हेमाताईंच्या कमरेला बरोबर येत होता, आयुष्यात पहिल्यांदा. न्हाणीघर होतं, संडास होता, वर पक्कं छत होतं. आणखी एक खोली होती, तिच्यात काहीच नव्हतं. हेमाताई त्या खोलीत बराच वेळ उभ्या राहिल्या. कुणाची पँट नाही, कुणाच्या फायली नाहीत. फुटाणा मधल्या खोलीत उताणा झोपला होता. भिंतीवरच्या सात घड्याळांत सात वेगवेगळ्या वेळा झाल्या होत्या, आणि घाई कुठलीच नव्हती.

बाहेरून सर्जेरावांचा आवाज आला. “हेमा! ऊन लागतंय!”

“मग या की आत.”

सर्जेराव गुडघ्यांवर बसले. त्यांनी हात आत घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि अडकला. फुटाणा उठून दाराशी आला, त्याने हाताचा वास घेतला आणि दारातच बसला.

“हा मला घेत नाही!”

“टॉवेल कुठं आहे?” हेमाताईंनी आतून विचारलं.

“कुठला?”

“ओला.”

“पलंगावर. रोज असतो तिथेच.”

“घर न शिकलेल्याला तो आत घेत नाही.”

“अगं, मी नवरा आहे तुझा!”

“असाल. नवऱ्याचा वास वेगळा, घर शिकलेल्याचा वेगळा. जा, टॉवेल वाळत घाला.”

सर्जेराव उठले, बेडरूममध्ये गेले, चालायला आलेल्या दोन बायकांना ‘जरा बाजूला’ म्हणाले, टॉवेल उचलला आणि कण्हेरीवर वाळत घातला.

“शाब्बास,” पिंजऱ्यातून आवाज आला.

परत आले तर हात खांद्यापर्यंत गेला.

शुक्रवार, शनिवार असंच चाललं. हेमाताई रागावल्या नाहीत, नाक घासलं नाही. कप विसळला, शाब्बास. पेपरची घडी घातली, शाब्बास. दाढीचे केस बेसिनमध्ये ठेवले, तर नुसत्या गप्प बसल्या, आणि त्या वेळी सर्जेराव तीन बोटं मागे ढकलले गेले. शनिवारी दुपारपर्यंत त्यांचं डोकं आत गेलं होतं. त्यांनी मान वळवून ओटा बघितला, छत बघितलं.

“बरं आहे गं घर,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “एकतीस वर्षांत तू मला कधी शाब्बास म्हणाली नव्हतीस.”

“तुम्ही तरी कुठं म्हणालात?”

आयुष्यभर ज्या माणसाने कागद आल्याशिवाय मत दिलं नाही, त्याला बिनकागदाचं बोलणं सोपं नसतं. फुटाणा त्यांचा कान चाटत होता.

“शाब्बास, हेमा,” ते म्हणाले.

आणि ते कमरेपर्यंत आत आले. तिथे अडकले ते अडकलेच, कारण खिशात अजून सोसायटीच्या ठरावाची प्रत होती. पाय हॉलमध्ये, बाकीचे घरी. त्यांना तेवढंही पुरत होतं.

रविवार उजाडेपर्यंत ‘बाहेर’ सगळ्या इमारतीत उतरलं होतं. चार मजले, सोळा फ्लॅट, एकालाही ‘आत’ उरलं नव्हतं. लोक जिन्यात छत्र्या उघडून उभे होते. निम्मी मंडळी पाहुण्यांकडे गेली. उपळेकरांना जाता येईना. तपासणी जाहीर झाल्यापासून ती होईपर्यंत सेक्रेटरीने आवार सोडायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. त्यांच्याही कमोडमध्ये कण्हेर होती, वर आभाळ होतं, आणि समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत बसून पोहे खात होती. उपळेकर सभ्य माणूस. शनिवार सकाळपासून ते धरून होते.

अकरा वाजता ते कमिटीच्या चार माणसांना घेऊन आले. बगलेत रजिस्टर, हातात टॉर्च, चाल जरा आखडती. पिंजऱ्यातून बाहेर आलेल्या सर्जेरावांच्या दोन पायांना त्यांनी नमस्कार केला. पायांनीही अंगठे हलवले.

उपळेकर थेट टीव्हीखाली गेले. “हे काय आहे?”

“फुटाण्याचं,” आतून हेमाताई म्हणाल्या.

“ऐकलंत सगळ्यांनी? कबूल करतायत! घरात घाण—”

“घरात कुठं? वर बघा.”

सगळ्यांनी वर बघितलं. पंख्यावरच्या साळुंकीने रजिस्टरवर आपला अभिप्राय दिला.

“हे बाहेर असेल तर घर कुठाय?” उपळेकर ओरडले.

“हे काय. वास्तुशांतीला आला होतात, लाडू खाल्लात. आता तपासा. चपला काढून या.”

उपळेकर कमिटीकडे वळले. “उचला हा पिंजरा! पिल्लासकट खाली नेऊन ठेवा!”

चौघांनी चार कोपरे धरले. पिंजरा हलला नाही. वास्तुशांत झालेलं घर हलवायचं म्हणजे पाया खणावा लागतो, आणि चौघांत कुदळ एकही नव्हती. एकाची कंबर लचकली. तो गवतावर आडवा झाला आणि म्हणाला, “उपळेकर, साडेअकरा झाले. बारापर्यंत तपासलं नाही तर ठराव रद्द, तुमचंच कलम आहे ते. जाऊन बघून या ना आत, एक थेंब मिळाला तर मिळाला.”

उपळेकरांनी चपला काढल्या. सर्जेरावांच्या पायांनी एकदा झटका दिला, खिशातला कागद खाली पडला आणि पाय आत ओढले गेले. दार मोकळं झालं. उपळेकर चार पायांवर आले. आतल्या गार फरशीचा वारा त्यांच्या तोंडावर आला, कुठेतरी नळ टपकत होता, आणि त्या आवाजाने त्यांचे डोळे मिटले. डोकं दारात घातलं, तर समोर फुटाणा. त्याने हुंगलं. नीट, सावकाश, खालपर्यंत हुंगलं. आणि दारात बसला.

“हा मला का आत घेत नाही? टॉवेल मी वाळत घालतो!”

त्याच्या शेजारी हेमाताईंचं डोकं आलं. “घालत असाल. पण भाऊजी, तुम्ही धरून आलायत. धरून आलेल्याला तो आत घेत नाही. काय सांगावं, आत येऊन केलंत तर? आधी बाहेर जाऊन या.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“आहात तिथंच.”

“मी तुमच्या हॉलमध्ये आहे!”

“हॉलमध्ये असाल तर धरा,” हेमाताई शांतपणे म्हणाल्या. “बाहेर असाल तर करा. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्हीच ठरवा. केलंत तर मी रजिस्टरमध्ये लिहून घेते, की हे बाहेर आहे, घर नाही. मग इथं फुटाण्याने केलेलं काही घरात धरायचं नाही. आणि नाही केलंत तर बसा बारापर्यंत.”

“हे ब्लॅकमेल आहे वहिनी!”

“शिकवणं आहे,” आतून सर्जेराव म्हणाले. “सवय झाली की बरं वाटतं.”

“इंगवले, तुम्ही कमिटीचे सभासद आहात!”

“होतो,” सर्जेराव म्हणाले. “चहा टाकू का गं?”

नळ टपकत राहिला. उपळेकर मागे सरकले, उठून उभे राहिले. अकरा पन्नास. त्यांनी जिन्याकडे बघितलं, तिथे छत्र्या होत्या. समोरच्या गॅलरीकडे बघितलं, तिथे पोहे संपून चहा सुरू होता. कमिटीच्या चौघांकडे बघितलं. चौघांना एकदम साळुंक्यांत रस वाटू लागला.

हेमाताईंनी बाहेर हात काढून गवतावर पडलेलं रजिस्टर ओढून घेतलं, पान कोरडं केलं, पेनचं टोपण काढलं. त्यांनी फुटाण्याला मांडीवर घेतलं. त्याच्या छातीतली धडधड त्यांच्या तळहाताला लागत होती. त्यांच्या स्वतःच्याही छातीत तशीच होती, पण ती त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

अकरा चोपन्न.

उपळेकर चालायला लागले. सोफ्यापाशी थांबले, हुंगल्यासारखं केलं, पुढे गेले. टीपॉयला एक फेरी मारली. टीव्हीखाली गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं, तिथे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मान वळवून त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं, आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघायला. दारात दोन डोकी होती, एक पांढऱ्या केसांचं, एक तपकिरी. दोन्ही बघत होती.

आणि उपळेकरांचा डावा पाय, त्यांच्याही नकळत, जमिनीवरून हळूहळू वर उचलला जाऊ लागला.